छावणीतली कनिष्ठ अधिकारी आणि ‘नाही’ म्हणण्याचा हक्क

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा माझ्या एका जुन्या मित्राचा फोन आला. म्हणाला, “अरे, आयुष्यभर ॲरिस्टॉटल आणि कांट शिकवलास, आता हे निर्वासितांच्या छावण्यांचं कुठून काढलंस?” प्रश्न रास्त आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

हा विषय मला माझ्या एका विद्यार्थिनीनं दिला. एम.ए.ला माझ्याकडे होती. पुढे कायदा शिकली आणि २०१८ साली बांगलादेशात, कॉक्स बाजारजवळच्या रोहिंग्या निर्वासितांच्या छावणीत कामाला लागली. हुद्दा काय, तर ‘ज्युनियर प्रोटेक्शन ऑफिसर’. म्हणजे कनिष्ठ संरक्षण अधिकारी. तिच्या आजीनं गावभर सांगितलं, पोरगी पोलिसात लागली. प्रत्यक्षात तिच्याकडे काठीसुद्धा नव्हती. एक वही, गळ्यात ओळखपत्र, पायात गमबूट आणि सोबत एक दुभाषी, एवढंच.

तर एका रात्री तिचा फोन आला. म्हणाली, “सर, ज्याच्यापुढे दुसरा पर्यायच नाही असा माणूस ‘हो, मी परत जातो’ म्हणाला, तर ते ‘हो’ धरायचं का? मला उद्या फॉर्मवर खूण करायची आहे.”

आता बघा, संमती, संकल्पस्वातंत्र्य, इच्छा या विषयांवर मी तीस वर्षं वर्गात बोललोय. पण मला कुणी ‘उद्या सकाळपर्यंत उत्तर द्या’ असं कधी म्हणालं नव्हतं. मी तिला काहीतरी गुळमुळीत सांगितलं. फोन ठेवला आणि मलाच लाज वाटली. मग वाचायला लागलो. आजचं व्याख्यान म्हणजे त्या उशिरा दिलेल्या उत्तराचा मसुदा आहे, असं समजा.

वाचता वाचता लक्षात आलं की या प्रश्नाला इतिहास आहे, आणि त्याची एक वाट आपल्या दारावरून गेली आहे.

माझं बालपण कोल्हापुरातलं. दिवाळीच्या आधी वडील आम्हाला गांधीनगरला घेऊन जायचे, कापड घ्यायला. कापडाचा घाऊक बाजार, सिंधी व्यापारी, गर्दी. ही वस्ती फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची, हे आम्हाला ठाऊक होतं. पण ते लोक ज्या बराकींत येऊन राहिले, त्या बराकी मुळात कुणासाठी बांधल्या होत्या, हे मला कळायला बरीच वर्षं गेली. ती वळिवड्याची छावणी. १९४३ पासून तिथे सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहत होती. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं.

ही माणसं पंचगंगेच्या काठी आली कशी? पोलंडच्या पूर्वेकडचा भाग १९३९ साली सोव्हिएत रशियानं घेतला. तिथल्या लाखो लोकांना १९४० आणि ४१ मध्ये उचलून सायबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकलं. पुढे हिटलरनं रशियावरच हल्ला केला, राजकारण फिरलं, या लोकांना सोडण्यात आलं. ते इराणमार्गे बाहेर पडले आणि त्यातले काही हजार हिंदुस्थानात आले. जामनगरजवळ बालाचडीला मुलांची छावणी होती, आणि आपल्या इथे वळिवडं. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं व्हायची. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे, तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल.

माझा मुद्दा मात्र १९४५ नंतरचा आहे. युद्ध संपलं. आता या लोकांनी आपल्या घरी जावं, असं कुणालाही वाटेल. पण घर कुठे होतं? त्यांची गावं आता सोव्हिएत युनियनमध्ये गेली होती. वॉर्सात मॉस्कोच्या मर्जीतलं सरकार होतं. ज्यांनी आपल्याला सायबेरियात नेलं त्यांच्याच छत्राखाली परत जायचं? काही जण परत गेले. पण बहुसंख्यांनी ‘नाही’ म्हटलं. त्यातले पुष्कळसे पुढे इंग्लंडला आणि इतर देशांत गेले. वळिवड्याची छावणी रिकामी झाली ती या ‘नाही’मुळे वेगळ्या दिशेनं रिकामी झाली.

हे ‘नाही’ म्हणायचा हक्क त्यांना आकाशातून मिळाला नव्हता. त्याच सुमाराला त्यावर जगात मोठा वाद चालू होता.

१९४५ च्या फेब्रुवारीत याल्टाला तीन बडे एकत्र बसले आणि त्यांनी ठरवलं की एकमेकांच्या ताब्यातले नागरिक परत पाठवायचे. त्या करारानुसार पश्चिम युरोपातून वीस लाखांहून अधिक सोव्हिएत नागरिक परत धाडले गेले. त्यात राजीखुशीनं गेलेले होते, तसेच बंदुकीच्या दस्त्यानं ट्रकमध्ये कोंबलेलेही होते. ‘परत जायचं नाही’ असं कुणी म्हणू शकतं, हे त्या कराराच्या कल्पनेतच बसत नव्हतं. माणूस त्याच्या राज्याचा. राज्यानं मागितला की द्यायचा. सामानासारखा.

मग १९४६ च्या सुरुवातीला संयुक्त राष्ट्रांची पहिली आमसभा लंडनला भरली. तिथे हा प्रश्न निघाला. सोव्हिएत बाजूनं आंद्रेई विशिन्स्की बोलले. तेच, ज्यांनी मॉस्कोचे ते कुप्रसिद्ध खटले चालवले होते. त्यांच्यासमोर अमेरिकेच्या बाजूनं उभ्या राहिल्या एलिनॉर रूझवेल्ट. विशिन्स्कींचं म्हणणं, ज्याला परत यायचं नाही तो गद्दारच असणार. रूझवेल्टबाईंचं म्हणणं, माणसाला सरकार बदललेलं आवडलं नाही म्हणून तो गुन्हेगार होत नाही. १२ फेब्रुवारी १९४६ ला ठराव झाला. त्यात तत्त्व आलं, की ज्या निर्वासिताचा परत जाण्याला सबळ आक्षेप आहे त्याच्यावर परत जाण्याची सक्ती करायची नाही.

झालं ना मग? तत्त्व कागदावर आलं. पण थांबा. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मनीतल्या छावण्यांत काय झालं ते ऐका. त्या छावण्या तेव्हा ‘उनरा’ नावाची संयुक्त राष्ट्रांची मदत संघटना चालवत होती. तिनं पोलिश लोकांसाठी एक योजना काढली. जो परत जाईल त्याला साठ दिवसांचा शिधा मोफत. योजनेचं नाव काय ठेवलं होतं, तर ‘ऑपरेशन कॅरट’. गाढवापुढे गाजर धरतात ना, ते गाजर. नाव ठेवणाऱ्यांनी निर्वासितांना काय मानलं हे त्या नावातच दिसतं. सक्ती नाही, बरं का. तत्त्वाचा भंग कुठेच नाही. फक्त भुकेल्या माणसापुढे दोन महिन्यांचं धान्य ठेवायचं आणि विचारायचं, “मग? जाताय का?”

इथे माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न पहिल्यांदा मला इतिहासात दिसला.

पुढचे टप्पे थोडक्यात सांगतो, कारण ते पुस्तकांत मिळतात. डिसेंबर १९५० मध्ये आमसभेनं निर्वासितांसाठी उच्चायुक्त कार्यालय काढलं, आपण ज्याला यूएनएचसीआर म्हणतो ते. १ जानेवारी १९५१ ला काम सुरू झालं. मुदत दिली होती तीन वर्षांची! जणू तीन वर्षांत जगातले निर्वासित संपणार होते. त्या कार्यालयाच्या मूळ कागदातच शब्द आहे, ‘स्वेच्छेनं’ परतणं. आणि जुलै १९५१ चा जिनिव्हाचा करार. त्याचं कलम ३३ सांगतं की ज्या प्रदेशात वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत यामुळे माणसाच्या जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे, तिथे त्याला परत ढकलायचं नाही. बांगलादेशनं या करारावर सही केलेली नाही. आणि पाकिस्तानी फौजेच्या अत्याचारांतून पळून आलेल्या सुमारे एक कोटी लोकांना १९७१ साली आसरा देणाऱ्या आपल्या भारतानंही केलेली नाही. तेव्हा दुसऱ्याकडे बोट दाखवताना जरा जपून.

आता ‘संरक्षण’ या शब्दाकडे येऊ. आजीला जो प्रश्न पडला तो आपल्यालाही पडायला हवा. ज्याच्या हातात शस्त्र नाही, ज्याला अटक करता येत नाही, ज्याचा हुकूम कुणी मानायला बांधील नाही, तो कसलं संरक्षण करणार?

मी तिला विचारलं, तू दिवसभर करतेस काय? तिनं यादी सांगितली. सकाळी नोंदणीच्या रांगेत कोण एकटं मूल आलंय का पाहायचं. त्याचे आईबाप दुसऱ्या गटात सापडतात का ते शोधायचं. संडासांना आतून कडी आहे का, रात्री तिथे दिवा आहे का, नाहीतर बायका संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. सरपणासाठी जंगलात कोण जातं, वाटेत कोण अडवतं. कुणाला पोलिसांनी धरलं असेल तर चौकशी करायची. बायकांसाठी बांधलेली केंद्रं होती, त्यांना तिथे ‘शांतीखाना’ म्हणतात. तिथे जाऊन बसायचं आणि कुणी काही बोललं तर ऐकायचं. हे सगळं लिहायचं. आणि ज्याच्या हातात काही करणं आहे त्याच्यापर्यंत ते पोचवायचं.

म्हणजे बघा, हे संरक्षण ढालीचं नाही. हे साक्षीदाराचं संरक्षण आहे. कुणीतरी बघतंय, नावानिशी लिहून ठेवतंय, एवढ्यानं बरीच वाईट कामं थोडी कठीण होतात. सगळी थांबत नाहीत.

आणि साक्षीदार स्वतः सत्ताधारी असतो हेही विसरू नका. यादीत नाव घालणं न घालणं त्याच्या हातात असतं. २००२ साली पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी, लायबेरिया, सिएरा लिओन या देशांतल्या छावण्यांबद्दल एक अहवाल आला. खुद्द यूएनएचसीआर आणि ‘सेव्ह द चिल्ड्रन’नं मिळून केलेला. शिधावाटप करणाऱ्यांपैकीच काही जण अन्नाच्या बदल्यात मुलींचं शोषण करत असल्याच्या तक्रारी त्यात होत्या. त्यानंतर २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी सर्व कर्मचाऱ्यांसाठी कडक नियम काढले. ज्याच्या हातात शिधा आहे त्याच्याकडे केवढी ताकद असते, ते यावरून समजून घ्या. आजच्या विषयात शिधा पुन्हा पुन्हा येणार आहे.

आता कॉक्स बाजारकडे वळतो, पण २०१८ कडे नाही. चाळीस वर्षं मागे जातो.

१९७८ च्या फेब्रुवारीत ब्रह्मदेशाच्या लष्करी सरकारनं ‘नागमिन’ नावाची मोहीम काढली. कागदपत्रं तपासायची आणि ‘परके’ शोधायचे, हा उद्देश सांगितला होता. आराकानमधले रोहिंग्या मुसलमान नाफ नदी ओलांडून पळाले. काही महिन्यांत दोन लाखांहून अधिक माणसं बांगलादेशात आली. बांगलादेश तेव्हा जेमतेम सात वर्षांचा देश, चारच वर्षांपूर्वी स्वतः दुष्काळात होरपळलेला. त्यानं संयुक्त राष्ट्रांकडे मदत मागितली. मदत आली. तंबू, औषधं, धान्य. जुलैत दोन्ही सरकारांचा करार झाला, की या लोकांना परत घ्यायचं. ऑगस्टच्या अखेरीस परतीची सोय झाली. आणि लोक जाईनात.

का जातील? ज्या भीतीनं आले ती तिथेच होती.

यापुढे जे घडलं ते आपल्याला नीट कळतं ते एका माणसामुळे. ॲलन लिंडक्विस्ट. यूएनएचसीआरच्या कॉक्स बाजार उपकार्यालयाचे ते प्रमुख होते. माझ्या विद्यार्थिनीइतके कनिष्ठ नव्हते, पण जिनिव्हाच्या उतरंडीत पाहिलं तर लांबच्या एका ठाण्यावरचे अधिकारी. त्यांनी जून १९७९ मध्ये एक अहवाल लिहिला. तो वाचताना हात थंड पडतात. त्यात आवाज चढवलेला नाही. तारीख, आकडा, बैठक, कोण काय म्हणालं, एवढंच.

काय म्हणतो तो अहवाल? गोदामात धान्य होतं. तरी छावण्यांत लोकांना पुरेसा शिधा मिळत नव्हता. निर्वासितांना फार सुखात ठेवलं तर ते परत जाणार नाहीत, असा विचार बैठकीत उघड बोलला गेला होता. कुपोषण वाढतंय, मुलं मरताहेत, हे आकडे दर आठवड्याला दिसत होते. आणि संयुक्त राष्ट्रांच्या संस्था, त्यांची स्वतःची संस्था धरून, वेळेवर ठामपणे बोलल्या नाहीत. यजमान सरकारला दुखवायचं कसं? परतीचा कार्यक्रम अडला तर? काही महिन्यांत दहा हजारांच्या आसपास माणसं मेली. त्यात बहुसंख्य लहान मुलं.

आणि मग लोक परत जायला लागले. १९७९ संपेपर्यंत बहुतेक सगळे गेले. कागदावर हे परतणं ‘स्वेच्छेचं’.

ऑपरेशन कॅरटमध्ये भुकेल्यापुढे धान्य धरलं होतं. इथे ताटातलं काढून घेतलं. एका ठिकाणी गाजर, दुसऱ्या ठिकाणी काठी. दोन्हीकडे हातात शिधाच होता, आणि दोन्हीकडे शेवटी निर्वासित स्वतःच्या पायांनी चालत गेला.

आता पाच मिनिटं मला माझ्या जुन्या धंद्यात जाऊ द्या.

ॲरिस्टॉटलनं ‘निकोमेकियन एथिक्स’च्या तिसऱ्या भागात एक उदाहरण घेतलंय. वादळ आलंय, जहाज बुडायला लागलंय, आणि खलाशी माल समुद्रात फेकताहेत. हे कृत्य ऐच्छिक की अनैच्छिक? ॲरिस्टॉटल म्हणतो, मिश्र. त्या क्षणी खलाशी आपल्याच हातांनी, समजून उमजून फेकतो, म्हणून ऐच्छिकाच्या जवळचं. पण कुणीही शहाणा माणूस एरवी आपला माल समुद्रात टाकणार नाही, म्हणून नुसतं ऐच्छिक म्हणूनही चालत नाही. दोन हजार वर्षांनी हॉब्जनं तेच जहाज घेतलं आणि उलटा निकाल दिला. भीतीपोटी केलं तरी त्यानं केलंच ना? मग ते स्वतंत्रपणे केलेलं कृत्य.

मी हे वर्गात दरवर्षी शिकवायचो. मुलं हात वर करून दोन गट पाडायची, आणि तास संपायचा. १९७८ चा अहवाल वाचल्यावर मला दिसलं की आम्ही एक प्रश्न कधी विचारलाच नव्हता. वादळ कुणी आणलं? समुद्रातलं वादळ कुणाचं नसतं. छावणीतली भूक कुणीतरी ठरवलेली असते. कुठल्यातरी बैठकीत, कुठल्यातरी टेबलावर. ज्यानं वादळ निर्माण केलं त्यानंच मग खलाशाला विचारायचं, “माल तूच फेकलास ना? सही कर.” हा हॉब्जच्या तर्काचा विनोद नाही, ही फसवणूक आहे. म्हणून संमती तपासताना समोरच्या माणसाचं मन तपासून भागत नाही. त्याच्या भोवतीची परिस्थिती तपासावी लागते, आणि त्या परिस्थितीत आपला स्वतःचा हात किती आहे तेही.

पण थांबा, दुसरी बाजूही आहे, नाहीतर मी तुम्हाला फार सोपं करून सांगितलं असं होईल. जुलै १९९४. रवांडातल्या वंशसंहारानंतर काही दिवसांत सुमारे दहा लाख हुतू लोक सीमा ओलांडून तेव्हाच्या झैरमधल्या गोमा शहराजवळ आले. जमीन ज्वालामुखीच्या खडकाची, संडास खणता येईना, कबरी खणता येईनात. कॉलऱ्यानं हजारो लोक पटापट मेले. आणि या छावण्यांवर राज्य कुणाचं? ज्यांनी संहार घडवला त्याच पुढाऱ्यांचं आणि सैनिकांचं. सुरुवातीला शिधा त्यांच्यामार्फतच वाटला गेला. साध्या माणसाला परत जायचं असलं तरी ते त्याला जाऊ देत नव्हते. धमक्या देत, मारत. तिथे ‘नाही’ हेच भीतीतून आलेलं होतं. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’च्या फ्रेंच शाखेनं त्याच वर्षी नोव्हेंबरात तिथून काम थांबवलं, कारण मदतीनं खुन्यांचे हात बळकट होताहेत असं त्यांचं मत झालं. म्हणजे ‘हो’ खोटं असू शकतं, तसंच ‘नाही’सुद्धा. अधिकाऱ्यानं कान द्यायचा तो शब्दाला नाही, शब्दाच्या मागं कोण उभं आहे त्याला.

परत कॉक्स बाजार. १९८२ साली ब्रह्मदेशात नवा नागरिकत्व कायदा आला आणि रोहिंग्यांचं नागरिकत्व जवळजवळ पुसलं गेलं. १९९१-९२ मध्ये पुन्हा अडीच लाखांच्या आसपास लोक नदी ओलांडून आले. पुन्हा दोन सरकारांचा करार, पुन्हा परतीची घाई. या वेळी यूएनएचसीआरला १९७८ आठवत होतं. १९९२ च्या अखेरीस सक्ती होते आहे म्हणून त्यांनी उघड विरोध केला आणि त्या परतीतून अंग काढून घेतलं. मे १९९३ मध्ये करार झाला, की प्रत्येक कुटुंबाशी खाजगीत बोलून त्यांची इच्छा विचारायची.

इथे पहिल्यांदा, माझ्या मते, कनिष्ठ अधिकाऱ्याला तिची खरी जागा मिळाली. एक खोली, एक दुभाषी, समोर एक कुटुंब. दार बंद. “तुम्हाला जायचंय का?”

ही व्यवस्था फार दिवस टिकली नाही. १९९४ च्या मध्यात धोरण बदललं. एकेकाशी बोलणं बंद झालं. सामुदायिक सभा घ्यायच्या, परतीची माहिती द्यायची, आणि मग सगळ्यांची परतीसाठी नोंदणी करायची. ज्याला जायचं नाही त्यानं तसं सांगावं. वरून पाहिलं तर फरक किरकोळ वाटतो. पण नीट बघा. आधी ‘हो’ म्हणावं लागत होतं. आता ‘नाही’ म्हणावं लागणार होतं. भर गर्दीत, छावणीच्या अधिकाऱ्यांसमोर. पुढच्या वर्षी डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सनं छावण्यांत विचारपूस केली तेव्हा आढळलं की आपल्याला नकार देता येतो हे पुष्कळ लोकांना माहीतच नव्हतं. १९९७ पर्यंत दोन लाखांहून अधिक लोक परत गेले. कुतुपालोंग आणि नयापाडा, दोनच छावण्या उरल्या.

मला कुणाला खलनायक करायचं नाही. जिनिव्हातले लोक खुनशी नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की परत जाणं छावणीत कुजण्यापेक्षा बरं. पण ‘तुझ्या भल्यासाठी’ या शब्दांनी जितक्या लोकांचं ‘नाही’ गिळलंय, तितकं कदाचित बंदुकीनंही गिळलं नसेल. आपण पालकांनी तरी हे कबूल करायला हवं.

मग आलं २०१७. २५ ऑगस्टनंतर काही महिन्यांत सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात आले. कुतुपालोंगच्या भोवतीच्या टेकड्या तोडून बांबू-ताडपत्रीचं एक शहर उभं राहिलं. ती हत्तींची जुनी वाट होती. हत्ती आले, माणसं चिरडली, मग निर्वासितांचीच पथकं करून रात्री पहारे ठेवले. माझी विद्यार्थिनी तिथे पोचली ती या दिवसांत.

१५ नोव्हेंबर २०१८ ही परतीची तारीख ठरली. याद्या निघाल्या. ज्यांची नावं यादीत होती त्यातले कित्येक जण झोपड्या सोडून दुसऱ्या गटांत लपले. तिचा तो फोन या दिवसांतला. ठरलेल्या दिवशी कुणीच गेलं नाही. पुढच्या वर्षी, २२ ऑगस्ट २०१९ ला, पुन्हा तयारी झाली. या वेळी आधी यूएनएचसीआर आणि बांगलादेशचे अधिकारी मिळून कुटुंबांना एकेक करून विचारत होते. बस आणि ट्रक येऊन थांबले. दिवसभर थांबले. एकही कुटुंब चढलं नाही. नागरिकत्व, सुरक्षितता, आमच्या जमिनी, हे द्या आणि मग विचारा, असं लोकांनी सांगितलं.

संध्याकाळी बस रिकाम्या परत गेल्या. जगाच्या दृष्टीनं हे अपयश. वर्तमानपत्रांतही तसंच आलं. मला मात्र वाटतं, १९७८ पासूनच्या या इतिहासातला तो सगळ्यात मोठा दिवस असेल. लोकांना समोर बसवून विचारलं गेलं, त्यांनी ‘नाही’ म्हटलं, आणि ते ‘नाही’ मानलं गेलं. बांगलादेश सरकारनंही त्या दिवशी कुणाला ढकललं नाही, हे त्यांच्या खात्यावर जमा करायला हवं.

पण गोष्ट इथे संपत नाही. मार्च २०२३ मध्ये पैसे कमी पडले म्हणून जागतिक अन्न कार्यक्रमानं या छावण्यांतला शिधा माणशी महिना बारा डॉलरवरून दहावर आणला. जूनमध्ये आठवर. आठ डॉलर, महिन्याला! पुढच्या वर्षी तो पुन्हा वाढवला, हे खरं. या कपातीमागे १९७८ सारखा हेतू होता असं मी म्हणत नाही, देणग्या आटल्या होत्या. पण पोटाला हेतू कळत नाही. ताटातला तिसरा हिस्सा गेल्यावर जो माणूस बोटीत बसतो, किंवा ‘परत जातो’ म्हणतो, त्याच्या ‘हो’चं वजन आपण कसं करणार?

तर आता उत्तर. विद्यार्थिनीला उशिरा दिलेलं.

मी तिला लिहिलं, की समोरच्या माणसाचं मन तुला कधीच पूर्ण कळणार नाही, आणि ते तुझं कामही नाही. तू एवढं कर. विचारताना दार बंद आहे का बघ. ‘नाही’ म्हटलं तर काय होईल हे त्याला सांग, आणि उद्याचा शिधा मिळेल असं तुला छातीवर हात ठेवून सांगता येतं का बघ. तेवढं सांगता येत नसेल तर ‘हो’वर खूण करू नकोस. आणि फॉर्ममध्ये जागा नसली तरी समासात लिही, की या दिवशी शिधा किती होता, खोलीत कोण होतं, बाहेर कोण उभं होतं. लिंडक्विस्टच्या अहवालानं त्या मेलेल्या मुलांपैकी एकही परत आलं नाही. पण १९७८ मध्ये सगळे ‘स्वेच्छेनं’ गेले, असं आज कुणी बिनदिक्कत म्हणू शकत नाही. पुढच्या वेळी खोलीचं दार बंद करून विचारायचं ठरलं, त्याच्या मागे हा कागद होता असं मला वाटतं.

तिनं उत्तर पाठवलं, “सर, समासात जागा फार कमी असते.” मी म्हटलं, अक्षर बारीक काढ.

वेळ झालीय, एकच प्रश्न घेतो. हां, बोला.

(श्रोत्यांमधून प्रश्न: बांगलादेशसारख्या गरीब देशानं हे ओझं किती दिवस वाहायचं? त्यांच्या लोकांचं काय?)

फार बरोबर प्रश्न. याला सोपं उत्तर नाही. स्थानिक मजुराची मजुरी पडली, जंगल गेलं, भाव वाढले. त्यांचा राग खोटा नाही. श्रीमंत देश पैसे देऊन दार बंद करतात आणि शेजारच्या गरीब देशाला माणुसकी शिकवतात, हा ढोंगीपणा आहे. म्हणून ओझं वाटून घेतलं पाहिजे, आणि त्यात आपणही आलो. पण ओझं जड झालं म्हणून ओझं कुणाच्या डोक्यावर टाकायचं? ज्याच्याकडे देश नाही, कागद नाही, मत नाही, त्याच्याच? वळिवड्याच्या त्या बायकांना कोल्हापूर संस्थानात कुणी कायमचं ठेवून घेतलं नाही. पण जायचं कुठे, हे त्यांना विचारलं. मला वाटतं, एवढं तरी आपल्या मातीत घडलं होतं, हे आपण विसरू नये.